तळघराच्या भिंती मढवण्याआधी: कोल्हापूरच्या पावसात टिकणारं काम कसं करायचं

कोल्हापुरात तळघर दोन तऱ्हांनी वाट्याला येतं. आर. के. नगर, पाचगाव, मोरेवाडीकडच्या उतारावर प्लॉट असेल तर घराची मागची भिंत आपसूक मातीत जाते आणि पुढची उघडी राहते. या अर्ध्या तळघराला कुणी लोअर ग्राउंड म्हणतं, कुणी नुसतं ‘खालची खोली’. दुसरी तऱ्हा गावातली. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरीत इमारतींखाली पूर्ण जमिनीत गेलेली तळघरं आहेत आणि तिथे कुणाचं गोदाम असतं, कुणाची जिम, कुणाचं ऑफिस. दोन्हीकडे मालकाच्या मनात एकच असतं: भिंती वाईट दिसतात, त्या झाकून टाकू. मग सुतार येतो, लाकडी पट्ट्या ठोकतो, प्लाय चढवतो, वरून लॅमिनेट. दिवाळीत खोली झकास दिसते. पुढच्या गणपतीला तिथे पाऊल टाकलं की नाकात कुबट वास शिरतो.

आमच्या खालच्या खोलीची मागची भिंत जवळपास साडेसहा फूट मातीत आहे. ती मढवताना जे शिकायला मिळालं ते इथे क्रमाने लिहितो. हा क्रम मोडू नका. इंटिरिअरचा माणूस बहुतेक वेळा सातव्या पायरीवरून सुरुवात करतो आणि पहिल्या पाचांचं नावही काढत नाही.

आधी एक इशारा. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिका-कॅनडातले असतात. तिथे थंडीत जमीन गोठते, घर आतून तापवलेलं असतं आणि खोलीतली उबदार हवा गार भिंतीला लागून पाणी धरते. म्हणून ते भिंतीला काचेचा कापूस (ग्लासवूल) भरतात आणि खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा कागद ताणतात. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो, तेवढाच. आपलं दुखणं आहे जून ते सप्टेंबरचं. बाहेरची हवाच ओली, जमीन ओली, आणि आत एसी लावला तर ओल भिंतीतून खोलीकडे यायला बघते. अशा वेळी खोलीच्या बाजूचं प्लास्टिक ती ओल भिंतीतच कोंडतं. त्यामुळे त्या व्हिडिओंतलं प्लास्टिक आणि कापूस विसरा. फोमची पाटी तेवढी कामाची आहे, ती पुढे येईल.

१. ही जागा मढवण्याजोगी आहे का, ते ठरवा

पहिला प्रश्न पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. नदीला एवढी फूग आली की शहरातून नदीला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे शहरात पसरतं. तुमच्या तळघरात त्या दोन्ही वर्षांत पाणी आलं असेल तर भिंतींना जिप्सम, प्लाय, फोम यातलं काहीही लावू नका. तिथे सिमेंटचा गिलावा, चुन्याचा रंग, खाली फरशी आणि चाकांवरचं सामान, एवढंच शोभतं. पाणी आलं, गेलं, पाइप मारून धुतलं, संपलं.

घर किंवा गाळा विकत घ्यायच्या विचारात असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्याबरोबर समोरच्या पानपट्टीवाल्यालाही विचारा. तो हात भिंतीला लावून ‘हितनं हितपतूर’ असं नेमकं दाखवतो, आणि नकाशात न सापडणारी गोष्ट कळते: पाणी रस्त्यावरून आलं की गटारातून उलटं.

दुसरा प्रश्न परवानगीचा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तळघर राहण्यासाठी वापरता येत नाही; मुख्यतः पार्किंग, साठवण, यंत्रसामग्री अशा कामांसाठी ते मंजूर होतं. मंजूर नकाशात काय लिहिलंय ते आधी वाचा. नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात अभ्यासिका, असा प्रकार करू नका. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरमध्ये क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी गेले. भिंत कितीही कोरडी केली तरी माणसांना बाहेर पडायला दुसरी वाट नसेल तर तिथे माणसं बसवायची नाहीत. उतारावरच्या अर्ध्या तळघराची पुढची बाजू सरळ अंगणात उघडत असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

२. पाणी कुठून येतं, ते पावसाळ्यातच शोधा

कामाची वेळ जानेवारी ते मे, पण तपासणीची वेळ जुलै-ऑगस्ट. उन्हाळ्यात बघायला आलेला ठेकेदार ‘भिंत ठणठणीत हाय साहेब, काय टेन्शन घेऊ नका’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. त्या महिन्यात कुठलीही भिंत ठणठणीतच दिसते.

मुसळधार पाऊस लागून राहिला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी टॉर्च घेऊन खाली उतरा. ट्यूबलाइट बंद करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका. समोरून न दिसणारे फुगवटे, केसाएवढ्या भेगा, ओलीची चमक, सगळं उठून दिसतं. मग डाग कुठे आहे त्यावरून कारण ओळखा.

• भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर बाहेर जमिनीत पाणी साठून दाब देतंय.
• भिंतीवर वरून खाली एकच पट्टा असेल तर त्याच्या डोक्यावर बाहेर काय आहे ते बघा. गच्चीचं पाणी खाली आणणारा डाउनटेक पाइप, बागेचा वाफा नाहीतर पाण्याची टाकी सापडतेच.
• सगळ्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल आणि वर पांढरी किनार असेल तर ओल पायातून वर चढतेय.
• कपाटामागे, कोपऱ्यात, गाद्यांच्या थप्पीमागे काळे ठिपके असतील आणि बाकी भिंत बरी असेल तर पाणी भिंतीतून येत नाहीये, हवेतून बसतंय.
• एप्रिलमध्येही ओल तशीच असेल तर पावसाला दोष देऊ नका. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा हलत असेल तर प्लंबर बोलवा.

पांढऱ्या भुकटीचीही परीक्षा करा. चिमूटभर बोटावर घेऊन वर पाण्याचा थेंब सोडा. विरघळली तर तो क्षार, म्हणजे भिंतीला लोणा लागलाय. विरघळली नाही आणि चोळल्यावर काळपट, बुळबुळीत डाग उमटला तर बुरशी. लोणा सांगतो की भिंतीच्या आतून पाणी बाहेर येऊन वाळतंय. बुरशीसाठी तेवढंही लागत नाही. भिंतीलगतची हवा बराच काळ ८० टक्क्यांच्या वर ओली राहिली की पुरे.

आता खरी चाचणी. दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला पक्क्या बंद करा. रंगाचे पोपडे निघत असतील तर तेवढा चौकोन आधी खरवडा, नाहीतर पट्टी पोपड्यासकट सुटते. दोन दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीची हवा गार भिंतीवर पाणी धरतेय. दोन्हीकडे असतील तर दोन्ही दुखणी आहेत. ही चाचणी एकाच ठिकाणी करू नका. मातीतल्या भिंतीवर खाली, मध्ये आणि वर, आणि उघड्या भिंतीवर एक, असे चौकोन लावा. प्रत्येकाजवळ तारीख लिहून फोटो काढा. पुढे ठेकेदाराशी बोलताना हे फोटो फार उपयोगी पडतात.

३. बाहेरचं पाणी बाहेरच वळवा

निम्मं काम इथे होतं आणि खर्च सगळ्यात कमी येतो. तरीही लोक ही पायरी गाळतात, कारण यात दिसायला देखणं असं काही नसतं.

१,००० चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिमी पाऊस पडला की सुमारे २,३०० लिटर पाणी होतं. एवढं पाणी डाउनटेक पाइपमधून भिंतीच्या पायाशी सोडायचं आणि आत वॉटरप्रूफिंगचे डबे रिकामे करायचे, याला काय म्हणावं! पाइपांना पुढे जोड देऊन पाणी घरापासून निदान सहा-आठ फूट लांब, उताराच्या बाजूला किंवा पावसाळी गटारात सोडा.

भिंतीला लागून जमिनीचा ढाळ घराकडे आहे की घरापासून दूर, ते पाण्याची बादली ओतून बघा. भिंतीलगत तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी करा आणि त्या तीन फुटांत निदान दोन इंच ढाळ बाहेरच्या बाजूला द्या. पट्टी आणि भिंत यांच्यातला सांधा लवचीक सीलंटने भरा, नुसत्या सिमेंटने नको. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळून भिंतीपासून सुटते. त्या फटीतून पहिल्या वळवाचं पाणी थेट पायापर्यंत जातं, म्हणून ही पट्टी लागते. भिंतीला लागून केलेले बागेचे वाफे हलवा. कर्दळ आणि केळ भिंतीजवळ नकोच, त्यांना रोज घातलेलं पाणीही खालीच उतरतं.

उतारावरच्या प्लॉटला वरच्या बाजूने एक चर हवाच. घराच्या मागे, भिंतीपासून चार-पाच फुटांवर खड्डा खणून तळाशी छिद्रांचा पाइप, भोवती खडी, खडीभोवती पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, आणि पाइपाचं तोंड प्लॉटच्या खालच्या अंगाला उघडं. कापड नसलं तर एक-दोन पावसाळ्यांत मातीने खडी भरून जाते. खोदताना भिंतीच्या अगदी पायाशी एकदम लांबच लांब खोदू नका, आणि पायाच्या पातळीखाली तर नकोच. खोदाई थोडी जास्त असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच करा.

नवीन बांधकाम असेल तर तुमची चांदी आहे. बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग किंवा डांबरी मेम्ब्रेन आत्ताच करून घ्या, आणि भरावाला काळी माती न वापरता मुरूम घाला. एकदा भराव झाला की ही संधी परत मिळत नाही.

४. भिंतीची गळती आतून बंद करा

बाहेरून शक्य ते केल्यावर जे उरतं त्यावर आतून इलाज. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: आतून लावलेल्या थराला पाणी मागून ढकलतं. म्हणून गच्चीवर उत्तम चालणारा रबरासारखा अॅक्रिलिक थर तळघरात आतून लावला की पापडासारखा सुटून येतो. दाब किती असतो? बाहेर आठ फूट पाणी साठलं तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला जवळपास अडीच टन. त्याच्यापुढे ‘डॅम्प प्रूफ’ रंगाचं काय चालणार?

भिंत कशाची आहे त्यावर इलाज ठरतो.

आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची भिंत असेल तर क्रिस्टलाइन पद्धतीचा सिमेंटी थर चालतो. त्यातलं रसायन काँक्रीटमधल्या चुन्याशी आणि पाण्याशी मिळून बारीक छिद्रांत स्फटिक तयार करतं. त्यासाठी जुना रंग, पुट्टी, गिलावा पूर्ण काढून काँक्रीट उघडं करावं लागतं आणि भिंत ओली करून घ्यावी लागते. कोरड्या भिंतीवर मारून उपयोग नाही.

विटांच्या किंवा दगडी भिंतीवर क्रिस्टलाइन थेट लावू नका. त्याला लागणारं काँक्रीट तिथे नाहीच. काळ्या दगडाच्या भिंतीत दगड फारसं पाणी पीत नाही, दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, पितात. दरजा खरवडून पुन्हा भरा, पोकळ जागी नोझल बसवून सिमेंट ग्राउटिंग करा (पातळ सिमेंट दाबाने आत भरा), मग टाचे मारून, म्हणजे भिंत खडबडीत करून, वॉटरप्रूफिंग द्रव घातलेला १:४ चा (सिमेंट एक, वाळू चार) घट्ट गिलावा करा. द्रवाचं प्रमाण सहसा ५० किलोच्या पोत्याला २०० मिली असतं. डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. ‘थोडं जास्त टाकू’ हा आपल्याकडचा आवडता उपाय इथे उलटतो.

पेठेतल्या जुन्या वाड्याचं चुन्यात बांधलेलं तळघर असेल तर सिमेंटला हात लावू नका. त्या भिंती श्वास घेतात म्हणून टिकल्यात. चुन्याचा गिलावा, चुन्याचा रंग, आणि बस्स. फोम, बोर्ड काही नको. बाकीचा लेख तुमच्यासाठी नाही, नववी पायरी तेवढी वाचा.

चालू गळती असेल, म्हणजे धार दिसत असेल, तर तिथे लगेच घट्ट होणारं प्लगिंग सिमेंट भरतात किंवा पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन देतात. भिंत आणि फरशीच्या सांध्याला खाच पाडून भरा आणि वर गोलसर वाटा काढा. तरीही पाणी येतच राहिलं तर भांडत बसू नका, त्याला वाट द्या. भिंतीच्या पायाशी चर, चराचा ढाळ कोपऱ्यातल्या छोट्या संपाकडे, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्याकडे, आणि संपात पाणी चढलं की आपोआप चालू होणारा फ्लोटचा सबमर्सिबल पंप. पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा आणि इन्व्हर्टरचा आधारही हवा, कारण लाइट जाते ती नेमकी धो-धो पावसात. पंपाचं पाणी मैलापाण्याच्या चेंबरमध्ये सोडू नका. ते तुंबलं की सगळं उलटं खाली येतं.

तळघरात पुराचं पाणी भरलंच तर घाईने उपसू नका. बाहेरची जमीन भरलेली असताना आत रिकामं केलं की भिंतीवर एकाच बाजूने दाब येतो आणि भिंत आत कोसळू शकते. बाहेरचं पाणी उतरू द्या, मग रोज साधारण एक तृतीयांश याप्रमाणे उपसा.

लोणा लागलेल्या भागाचा जुना गिलावा ओलीच्या रेषेच्या वर आणखी दीड फुटापर्यंत काढून टाका. क्षार कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा आणि गोळा करून बाहेर फेका. पाण्याने धुतलं की ते पुन्हा भिंतीत शिरतात. पीओपीचे तुकडेही पूर्ण काढा. ओलीत पीओपी आणि सिमेंट एकत्र आले की नवा गिलावा फुगतो.

५. भिंत सुकू द्या

या पायरीत काही करायचं नसतं, आणि म्हणूनच ती अवघड जाते. सुतार ‘उद्या येतो’ म्हणत असतो, घरचे ‘आता किती दिवस?’ विचारत असतात. जुना ठोकताळा असा: भिंतीच्या प्रत्येक इंच जाडीला सुकायला एक महिना. नऊ इंची भिंत पूर्ण भिजली असेल तर हिशोब तुम्हीच करा. म्हणून गिलाव्याचं काम जानेवारीतच संपवा, फेब्रुवारी ते एप्रिल खिडक्या उघड्या टाका, पंखे लावा. सगळ्यात चांगलं म्हणजे एक अख्खा पावसाळा भिंत उघडी ठेवणं. ती त्या परीक्षेत पास झाली तरच पुढचा खर्च करा. कमीत कमी प्लास्टिकची चाचणी तरी पुन्हा करा आणि ओल मोजायचा मीटर फिरवा. उघड्या कोरड्या भिंतीवर येतो तोच आकडा मातीतल्या भिंतीवर यायला हवा.

६. इन्सुलेशन लागतं का?

सरळ सांगायचं तर आपल्या बऱ्याच तळघरांना लागत नाही. मातीतली भिंत उन्हाळ्यातही गारच असते, तिथे उष्णता अडवायची गरज नसते. गोदाम, पार्किंग, अधूनमधून वापरायची खोली यासाठी गिलावा आणि चुन्याचा किंवा सिलिकेटचा रंग पुरे. प्लास्टिक इमल्शन नको, अॅक्रिलिक पुट्टी नको.

इन्सुलेशनचा खरा उपयोग भिंतीला घाम येऊ नये म्हणून होतो. २६ अंशांची, ८५ टक्के ओली हवा २३ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागाला टेकली की पाणी सोडायला लागते. जुलैतली मातीतली भिंत त्याच्या अगदी जवळपास असते. फोमची पाटी लावली की खोलीच्या हवेला गार भिंत भेटतच नाही. चाचणीत थेंब खोलीच्या बाजूला आले असतील, किंवा खोलीत बसून काम करणार असाल, चामडं, कागद, वाद्यं ठेवणार असाल, तर फोम लावा. थेंब भिंतीच्या बाजूला असतील तर अजून चौथ्या पायरीवरच आहात.

काय घ्यायचं? एक्सपीएस, म्हणजे निळ्या-गुलाबी रंगाच्या घट्ट पाट्या. जाडी २५ मिमी आपल्या हवेला पुरते. घनता ३० किलो प्रति घनमीटरच्या वरची मागा. साधा पांढरा थर्मोकोल स्वस्त आहे, पण जास्त पाणी धरतो आणि कडा चुरगळतात. ग्लासवूल आणि रॉकवूल तळघराच्या मातीतल्या भिंतीला लावू नका. हवा त्यांच्यातून आरपार जाते आणि मागे भिंत घामेजतेच, फक्त आता ती दिसत नाही.

७. मढवणं: कुठला थर कशावर

पहिलं, फोम भिंतीला पूर्ण चिकटलेला हवा. मागे पोकळी राहिली तर खोलीची हवा तिथे शिरते. म्हणून भिंत आधी ओळंब्यात, सपाट करून घ्या. पाटीचा गुळगुळीत चेहरा पॉलिश पेपरने खरवडा, पॉलिमर घातलेलं सिमेंटी अॅडहेसिव्ह दातेरी थापीने लावा, पाटी दाबा. सनमायका चिकटवायचं वासाचं रबरी सोल्युशन वापरू नका, ते फोम विरघळवतं. नको असलेल्या तुकड्यावर एकदा लावून बघा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. सांधे टेपने बंद करा, वरची आणि खालची कड सीलंटने भरा. फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा.

दुसरं, फ्रेम जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्ट्यांची, लाकडाची नाही. लाकूड आणि प्लाय ओलीत बुरशी धरतं, वर वाळवी येते. ‘वॉटरप्रूफ प्लाय आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. त्याचे थर सुटत नाहीत एवढंच, बुरशी त्याच्यावरही बसते. वाळवीचं औषध फरशी-भिंतीच्या सांध्याला फ्रेमच्या आधीच मारून घ्या, कारण फोमच्या आतून वाळवी बोगदा करत जाते आणि बाहेरून कळत नाही.

तिसरं, वरून फायबर सिमेंट बोर्ड. हिरवा जिप्सम बोर्ड थोडी दमट हवा सोसतो, पाणी सोसत नाही. बोर्डही फरशीपासून अर्धा इंच वर, आणि ती फट झाकायला टाइलची स्कर्टिंग. फोम उघडा कधीच सोडू नका. तो पेटतो आणि धूर विषारी असतो.

चौथं, वायरी कंड्यूटमधूनच, म्हणजे वेगळ्या नळीतून. वायरीचं पीव्हीसी थेट पॉलिस्टायरिनला टेकलं तर काळाने कडक होऊन तडकतं. आणि स्विचबोर्ड, शक्य तिथे, मातीतल्या भिंतीवर न बसवता मातीला न टेकलेल्या भिंतीवर घ्या.

पाचवं, रंग. साधा, श्वास घेणारा. विनाइलचा वॉलपेपर, पीव्हीसी पॅनल, चकचकीत लॅमिनेट हे सगळं दुकानात फार छान दिसतं आणि या भिंतीवर प्लास्टिकच्या कागदाचंच काम करतं. एका ओळखीच्या चप्पल व्यापाऱ्याच्या गोदामात पीव्हीसी पॅनल काढली तेव्हा मागची भिंत हिरवी-काळी झाली होती आणि रॅकमधल्या कोल्हापुरींच्या पट्ट्यांवर पांढरी लव आली होती. पॅनल मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी करकरीत.

शेवटी, प्रत्येक मातीतल्या भिंतीत एक फूटभर झडप ठेवा, चार स्क्रूंची. वर्षातून दोनदा ती उघडून आत टॉर्च मारा आणि वास घ्या.

८. फरशी आणि छत

फरशीवर लाकडी किंवा लॅमिनेट फ्लोअरिंग नको, गालिचाही नको. व्हिट्रिफाइड टाइल किंवा कोटा, मऊ हवंच असेल तर उचलून वाळवता येणारी चटई. छताला पीओपीचं सिलिंग करण्याआधी वरच्या मजल्याचं बाथरूम नेमकं कुठे येतं ते बघा. त्याच्याखाली सिलिंग बंद करू नका.

९. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवा

आपल्या आयांनी शिकवलंय, कुबट वास आला की खिडक्या उघडा. मार्च महिन्यात बरोबर आहे. जुलैत बाहेरची हवाच ८५-९० टक्के ओली असते आणि तुम्ही ती गार खोलीत निमंत्रण देऊन आणता. एक्झॉस्ट फॅनही तेच करतो: आतली हवा बाहेर, बाहेरची ओली हवा आत. पावसाळ्यात खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालू, हाच उपाय. हवेतली ओल दाखवणारा घड्याळाएवढा हायग्रोमीटर भिंतीला लावा आणि आकडा ५०-६० टक्क्यांत ठेवा. डीह्युमिडिफायरची पाण्याची नळी थेट संपात किंवा बाहेर काढा. टाकी भरली की यंत्र बंद पडतं आणि कुणाला कळत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल खिडक्या खुशाल उघडा. कपाटं भिंतीपासून तीन-चार इंच पुढे. ओले कपडे खाली वाळत घालायचे नाहीत, घरात कुणी कितीही आग्रह केला तरी.

१०. कागद, हत्यारं आणि पैसे

कागद: मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, अपार्टमेंट असेल तर सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र. महापालिका हद्दीबाहेर असाल तर विकास परवानगीची विचारणा कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे. भिंतीत आडव्या भेगा किंवा आतल्या बाजूला फुगवटा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, आणि तो येईपर्यंत कुठलंच काम नाही.

हत्यारं: चांगला टॉर्च, जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी, हायग्रोमीटर, ओल मोजायचा मीटर, तारेचा ब्रश, ओळंबा, दातेरी थापी, सीलंटची गन. क्षार झाडताना आणि बुरशी पुसताना मास्क आणि हातमोजे.

ठेकेदाराचं कोटेशन चौरस फुटाच्या एका आकड्यावर घेऊ नका. जुना गिलावा काढणं, ग्राउटिंगची नोझल किती, कुठल्या मालाचे किती थर, वाटा, चर, असे वेगवेगळे दर मागा. ‘दहा वर्षांची गॅरंटी’ कार्डावर छापलेली असते. तिच्यात काय येतं ते हाताने लिहून घ्या: ओल परत आली तर फोडणं, मलबा उचलणं आणि वरचं फिनिशिंग पुन्हा करणं कुणाच्या खर्चाने. बरेच जण इथे गप्प होतात. एकूण रकमेतले दहा-पंधरा टक्के पुढच्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे एक पावसाळा उलटेपर्यंत, हातात ठेवायचं कामाआधीच ठरवा. भिंत झाकायच्या आधी प्रत्येक थराचे फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पाइप आणि नोझल कुठे आहेत ते पुढे ड्रिल मारणाऱ्याला दाखवता येईल.